पेटीतले दोन गंधार

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. दुसऱ्या कुणी शोधून काढण्यापेक्षा ते बरं. बोर्लीहून म्हसळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जंगल खात्याचा नाका होता आणि तिथे मी नाकेदार होतो. कोळशाच्या पोत्यात सळई खुपसायची, गवताच्या भाऱ्याखाली सागाची फळी आहे का ते चाचपायचं, आणि एखादा गाडीवाला फारच गोड बोलायला लागला तर अख्खी गाडी उतरवायला लावायची, हे माझं काम. त्याचाच पगार मिळायचा. बाकीचे नाकेदार संध्याकाळी सळई कोपऱ्यात उभी करून घरी जायचे. मी ती डोक्यात घेऊन जायचो. आमटीत कोकम जास्त पडलं तरी मला वाटायचं, काहीतरी लपवायला घातलं असणार. बायको म्हणायची, "अहो, जेवा आता. आमटीला परवाना लागत न्हाय."

घरात आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि माझे काका. वडील मला आठवतही नाहीत इतक्या लहानपणी गेले आणि काकांनीच मला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. काकू गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. शेती, भजन आणि मी एवढ्यावर त्यांनी दिवस काढले. आसपासच्या गावांत त्यांना सगळे बुवा म्हणायचे. आमच्या भजनी मंडळाचे ते गाणारे, आणि पेटीवर मी. पेटी त्यांनीच शिकवली मला. आधी वर्षभर नुसता भाता हलवायला लावला. "वारा सांभाळायला शीक, पट्ट्या काय, कुनीबी दाबतो," असं म्हणायचे. मी गाऊ शकत नाही. पण काका गायला लागले की त्यांचा पुढचा सूर कुठे पडणार हे माझ्या बोटांना आधी कळायचं. या एका माणसावर मी आयुष्यात कधी संशय घेतला नव्हता.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी आमच्या रस्त्याला एसटी येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. कार्तिकात गावात सप्ताह असायचा. सात दिवस भजन तुटू द्यायचं नाही. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, पण खाली टेकायची नाही. प्रत्येक गावाने आपापला पहारा उचलायचा. आमचा पहारा पाचव्या दिवशी दुपारी होता, आणि त्याच्या आठवडाभर आधी पेटीचा भाता फाटला.

म्हसळ्याला बाजारात एक घड्याळजी होता. घड्याळं दुरुस्त करायचा, स्टोव्ह करायचा, पेट्याही करायचा. शिवाय त्याच्याकडे लाऊडस्पीकरचा कर्णा, माईक आणि बॅटरी होती. लग्नाला, जत्रेला भाड्याने द्यायचा. आधी तो बोटीवर खलाशी होता, अर्धी दुनिया पाहून आलेला. पन्नाशीचा, सडसडीत, बोलताना नेहमी हातात काहीतरी बारीकसं घेऊन पुसत बसणारा. तो मुसलमान होता. हे मुद्दाम लिहितो, कारण फाळणीला दहा वर्षंही झाली नव्हती, आणि पुढे माझा संशय जो झटकन पिकला त्यात याचा वाटा होता. तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा मान्य केलं नसतं. आज लाज वाटते.

त्याने भात्याला नवं चामडं लावून पेटी पाठवली. देवळात ठेवली. सप्ताहाला कर्णाही त्याचाच होता. तो देवळाबाहेर पिंपळाच्या पारावर बॅटरी घेऊन बसायचा आणि आवाज कमी-जास्त करायचा.

आमचा पहारा सुरू झाला. काकांचा सा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. मी पेटी धरली, काकांनी अभंग उचलला, आणि पहिल्याच ओळीत गंधारावर, सारेगमतल्या ग वर, जायचं म्हणून मी पांढरी चार दाबली. सूर नाही. नुसता फुस्स करून वारा गेला. मी शेजारची, कोमल गंधाराची पट्टी दाबून पाहिली. तीही फुस्स. बाकी सगळी पेटी ठणठणीत, आणि नेमके दोन्ही गंधार मेलेले.

भजन थांबवता येत नव्हतं. समोर तीन गावं बसलेली. मी घाबरून जे सुचलं ते केलं. सा आणि पंचम, वर वरचा सा, एवढ्या तीन पट्ट्या गच्च धरल्या आणि भाता जोरात ओढला. अभंगाची चाल पेटीवर वाजवायचं सोडूनच दिलं. काका वरून गात होते, खाली माझे सा-प, सा-प. मनात म्हटलं, आज अब्रू गेली.

पण झालं उलटंच. कर्ण्यातून पेटी अशी काही घुमायला लागली की देवळाची कौलं हलतात की काय असं वाटलं. टाळकरी चेवाने पुढे सरकले. काकांचा आवाज मोकळा सुटला. गेली दोन वर्षं ते गाताना मध्येच खाकरायचे, माझ्याकडे एक त्रासिक नजर टाकायचे. त्या दिवशी डोळे मिटून गायले. पहारा संपल्यावर शेजारच्या गावचे बुवा येऊन म्हणाले, "पेटी लई जबरा वाजली आज. निराळं काय केलात?"

कुणी स्तुती केली की मला त्यातही काहीतरी लपवलेलं वाटतं. बाहेर आलो तर घड्याळजी वायर गुंडाळत होता. तो हसून म्हणाला, "नाकेदार, आज तुमी दोनच सूर धरलात ते झ्याक केलंत. म्हनून माझ्या कर्ण्याचा आवाज फाटला न्हाय."

दोनच सूर धरले हे याला बाहेर बसून कसं कळलं? का याला आधीपासूनच ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. पेटीच्या आत प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक लहान पट्टी असते, तिला जीभ कापलेली असते आणि ती वाऱ्याने थरथरते. तिलाच सूर म्हणतात. दोन ठिकाणी भोकं रिकामी होती. सूर तुटले नव्हते, गंजले नव्हते. कुणीतरी काढून नेले होते. आणि काढताना स्क्रू हरवू नयेत म्हणून ते परत आपापल्या भोकांत फिरवून ठेवले होते. चोर घाईत नव्हता, आणि त्याला पेटी माहीत होती. आठ दिवसांत पेटी उघडलेला माणूस मला एकच ठाऊक होता.

काकांना दाखवलं. ते बराच वेळ आत बघत राहिले. म्हणाले, "जाऊ दे. दोन सुरांवाचून अडलंय काय? बेस वाजतेय की."

"जाऊ दे कसं? मंडळाची पेटी आहे," मी म्हणालो.

त्या रविवारी मी घरचं घड्याळ घेऊन म्हसळ्याला गेलो. घड्याळ चांगलं चालत होतं. मी त्याच्या दुकानात बसून नजर फिरवत होतो. काचेच्या बरण्या, चाकं, स्प्रिंगा, आणि एका डब्यात जुन्या पेट्यांचे पितळी सूर. चांगले पन्नासेक असतील. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी दोन सुरांचं म्हणालात, ते काय होतं?"

तो खुलला. बोटीवर एक गिटारवाला होता म्हणे, गोव्याकडचा. जहाजावरचा कर्णा जुना, मोठा आवाज केला की फाटायचा. तर तो गिटारवाला गोरे नाचायला लागले की सगळ्या तारा छेडायचाच नाही. सा आणि पंचम दोनच तारा धरायचा आणि जोरात हाणायचा. "सगळे म्हनायचे, यानं काय जोर लावलाय! जोर कसला. एक सूर कमी केलेला."

त्याने एका फळीवर दोन खिळ्यांमध्ये तार ताणली. मोकळी छेडली. मग तिचा तिसरा हिस्सा चिमटीत दाबून उरलेली छेडली. तोच पंचम. "बघा. सा दोन हेलकावे घेतो तवर पंचम तीन घेतो. लगेच परत गाठ पडते. म्हनून दोघं भांडत न्हाईत. कितीबी जोरात वाजवा, फाटलेल्या कर्ण्यात घाला, एकमेकाला धरून राहतात. गंधाराची गाठ इतक्या लवकर पडत न्हाय. साधा आवाज असला तर गोड लागतो. पण कर्णा फाटायला लागला की तिघं एकमेकाला घासतात, आन् त्यातून भलतेच सूर निघतात. नुसता गोंगाट."

"मग गंधार हवाच कशाला?"

"अहो, गंधार आला की कळतं ना, गाणारा खुशीत हाय का रडतोय. शुद्ध असला तर एक, कोमल असला तर दुसरं. सा आन् पंचम बाजू घेत न्हाईत. वर गाणारा काय गाईल त्याला व्हय म्हनतात."

आज मला वाटतं, संगीताबद्दल इतकं स्वच्छ मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नाही. त्या दिवशी मी ऐकत होतो आणि मनात एकेक पुरावा बांधत होतो. याला गंधाराचं एवढं कसं ठाऊक? नेमक्या गंधाराशीच याचं काय वैर आहे? कर्णा फाटू नये म्हणून यानेच काढले नसतील कशावरून? माणूस खरं बोलत असला की मला तो जास्तच तयारीचा वाटायचा.

दोन दिवसांनी तो एसटीने बोर्लीला निघाला होता. गाडी नाक्यावर थांबली. जंगल खात्याला त्याच्या पिशवीशी काही घेणंदेणं नव्हतं. तरी मी त्याला खाली उतरवलं आणि सगळ्या उतारूंच्या देखत पिशवी टेबलावर उलटी केली. हत्यारं, तेलाची बाटली, डबा. डब्यातले सूर टेबलावर पसरले.

"यातले आमच्या पेटीचे कुठले?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "तुमच्या पेटीचे यात न्हाईत. मापं लावून बघा."

"मग कुठे आहेत?"

"ते मी सांगनार न्हाय."

मला माहीत नाही असं तो म्हणाला नाही. सांगणार नाही म्हणाला. माझ्यापुरता गुन्हा तिथेच सिद्ध झाला. तो खाली वाकून एकेक सूर वेचत होता आणि गाडीच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. मी मदत केली नाही.

बातमी मी वेगळी पसरवली नाही, पण गाडीभर माणसांना सांगायची गरज पडत नाही. मार्गशीर्षातल्या जत्रेला कर्णा श्रीवर्धनहून आणायचं ठरलं. आमच्या गावातून त्याच्याकडे घड्याळ जाणं बंद झालं, मग शेजारच्या दोन गावांतून. देवळातले सूर चोरले, तेही त्याने, असं बोललं जायला लागलं. त्यातल्या 'त्याने' या शब्दावर लोक कसा जोर द्यायचे, तो माझ्या कानात अजून आहे.

एवढ्यानेही माझं समाधान झालं नाही. मी गावापुढे मागणी केली की गावदेवीला गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे चोरी सापडली नाही की देवीपुढे नारळ ठेवून तिला सांगायचं, ज्याने केलं त्याचं तू बघ. गाऱ्हाण्याचे शब्द ठरलेले होते आणि ते बोलायचा मान आमच्या घराकडे होता. म्हणजे काकांकडे.

दुपारची वेळ. सगळी मंडळी हात जोडून उभी. काकांनी नारळ ठेवला. आवाज खणखणीत होता. "गावदेवी आई, तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत."

"व्हय आई," सगळे म्हणाले.

"तुझ्या दारातली वस्तू गेली. ज्याच्या हातून हे झालं असंल, त्याला तू वाट दाखव."

"व्हय आई."

काकांनी नारळ उचलायला हात पुढे केला. मी म्हणालो, "काका, पुरतं झालं नाही. शेवट राहिला."

शेवट सगळ्यांना पाठ होता. त्याचा वंश खुंटू दे, त्याच्या घरात दिवा लागू देऊ नको. काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग बायकांच्या रांगेत माझी बायको उभी होती तिकडे पाहिलं. तिला तेव्हा पाचवा महिना होता. "एवढंसं पितळ," ते हळू आवाजात म्हणाले, "त्याच्यासाठी कुनाचा वंश कशाला?"

"चोराची दया कशाला?" मी म्हणालो. अगदी नाक्यावरच्या आवाजात. "पुरतं म्हणा. नाहीतर लोक म्हणतील, आपल्याच घराने पाठीशी घातलं."

त्यांनी पुरतं म्हटलं. वंश या शब्दावर त्यांचा आवाज बसला, तो मी खोकल्यावर ढकलला. एवढा संशयी माणूस मी, आणि समोर दिसत होतं ते मला दिसलं नाही.

जत्रा झाली. त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मी जेवायला घरी आलो तर बायको पडवीत काकांची काळी बंडी शिवत बसली होती. खिशाचं अस्तर उसवलं होतं. काका शेतावर गेले होते. तिने मला जवळ बोलावलं आणि तळहात उघडला. विड्यांच्या पुड्याच्या कागदात गुंडाळलेल्या दोन पितळी पट्ट्या.

"अस्तराच्या आत शिवून ठेवल्या व्हत्या," ती म्हणाली. "हेच का ते?"

मी मान हलवली.

"साऱ्या तालुक्यावर संशय घेऊन झाला तुमचा," ती म्हणाली. "घरात तेवढा घ्यायचा राहिला." एरवी ती असं हसून म्हणते. त्या दिवशी हसली नाही. तिचा दुसरा हात पोटावर होता.

मी सूर घेऊन खळ्यात जाऊन बसलो. मग सगळं एकामागून एक उलगडत गेलं आणि प्रत्येक गोष्ट मला आधीपासून माहीत होती. गेली दोन वर्षं काकांचा गंधार पेटीला जुळत नव्हता. इतर सूर ठीक होते, पण गंधारावर आले की त्यांचा गळा किंचित खाली लागायचा. पेटी खणखणीत, आणि मी इमानदारीने त्यांच्या प्रत्येक गंधारावर पेटीचा गंधार दाबायचो. तीन गावांसमोर. मी त्यांना पेटीवर दर ओळीला पकडत होतो आणि मला ते कळतही नव्हतं. "गंधार दाबू नको," एवढं ते मला सांगू शकले असते. पण ते सांगणं म्हणजे गळा गेल्याचं सांगणं होतं. ज्याला आपण भाता धरायला शिकवलं त्याला ते कसं सांगायचं?

मला फार रडू आलं. राग आला होता, तोही खरा. त्यांनी एका माणसाची अब्रू जाताना पाहिली होती आणि तोंड उघडलं नव्हतं.

संध्याकाळी देवळात गावकीची बैठक होती, जत्रेच्या हिशेबासाठी. काका पुढे बसले होते. मी उभा राहिलो. सूर पुढे ठेवले आणि वाटेत ठरवलं होतं ते बोललो, "हे माझ्याकडे होते. मीच साफ करायला काढले होते आणि विसरलो. घड्याळजीचा यात काही संबंध नाही. त्याची मी सगळ्यांच्या देखत बेअब्रू केली, ती माझी चूक."

आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोललो असं नाही. पण इतकं वाईट कधी बोललो नव्हतो. कुणाचा विश्वास बसला नाही, किंवा नको तसा बसला. मागून कुणीतरी म्हणालं, "चोरून ठेवले आन् दुसऱ्याची पिशवी उलटी केली. नाकेदारच तो." दोघं-तिघं हसले. मग पुजारी, जो सहसा बोलत नाही, तो म्हणाला, "ते राहू द्या. पन गाऱ्हाणं घातलंय. ज्यानं नेले त्याचा वंश. आता ते तुमच्याच घरावर आलं की."

मला वाटलं होतं की मी त्यावरही विचार केला आहे. केला नव्हता.

काका उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "त्याच्यावर न्हाय आलं," ते म्हणाले. "सूर मी काढले. माझा गळा गेलाय. गंधार लागत न्हाय मला. म्हसळ्याला जाऊन त्या घड्याळजीला मी आधी म्हटलं व्हतं, गंधार घासून माझ्या गळ्याइतका उतरवून दे. तो म्हनाला, मंडळाची पेटी हाय, एकाच्या गळ्यासाठी घासता यायची न्हाय. मग मीच काढले. त्याला ठाऊक व्हतं. याने पिशवी उलटी केली तरी तो बोलला न्हाय. माझ्यासाठी." मग ते म्हणाले, "मलाबी बोलता आलं असतं. बोललो न्हाय."

त्यांचा वंश म्हणजे मीच होतो, आणि माझ्या घरात यायचं होतं ते मूल. हे सगळ्यांना कळलं होतं.

पुजाऱ्याने सांगितलं, गाऱ्हाणं मागे घेता येतं. ज्याच्यावर आळ गेला त्याचं तोंड आपल्या हाताने गोड करायचं. त्याने घेतलं तर उतरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच काकांनी मला उठवलं. "चल," एवढंच म्हणाले. गुळाचा खडा त्यांनी स्वतः बांधून घेतला, दोन सूर आणि पेटी घेतली. पहिल्या एसटीने आम्ही म्हसळ्याला गेलो.

दुकान उघडं होतं. बरण्या अर्ध्या रिकाम्या होत्या. त्याने काकांना स्टूल दिलं, मी उभा राहिलो. काकांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. तो ऐकत ऐकतच पेटी उघडून दोन्ही सूर बसवायला लागला. स्क्रू पिळून झाल्यावर त्याने एका हाताने भाता धरला आणि सा आणि पंचम दाबले. "बुवा, गंधार लावा," तो म्हणाला.

काकांनी लावला. त्या दोन सुरांवर तो अगदी शांत बसला, जसा त्यांच्या तरुणपणी बसत असेल. मग घड्याळजीने तिसरं बोट पेटीच्या गंधारावर ठेवलं. चरचरीत वाजलं. "बघा, पेटीचाच चढा हाय," तो म्हणाला. "सगळ्या पेट्यांचा असतो. तुमचा बरोबर हाय."

काकांचे डोळे भरून आले. मला मात्र त्याही वेळी शंका आली, की हा खरं सांगतोय की म्हाताऱ्या माणसाचं मन राखतोय. पुढे कळलं की पेट्यांचा शुद्ध गंधार खरोखरच चढा असतो. काकांचा नेमका किती खाली होता, ते मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

काकांनी गुळाचा खडा माझ्या हातात दिला. मी पुढे झालो. "माझं चुकलं," मी म्हणालो. "तोंड गोड करा."

त्याने हात पुढे केला नाही. फडक्याला बोटं पुसत माझ्याकडे बघत राहिला. आवाजात राग नव्हता. "नाकेदार, गाऱ्हाण्याचं मला तवाच कळलं व्हतं. बाजारात बातम्या लवकर येतात. एक विचारतो. तुमच्या घरी मूल व्हायचं नसतं, तर तुमी आज आला असतात?"

काका माझ्याकडे बघत होते. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि मला आठवलं की आदल्या रात्री झोप लागेना तेव्हा मी बायकोच्या पोटाकडे बघत होतो. या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर एकदाही आला नव्हता. उठवलं होतं तेही काकांनी.

मी काही बोललो नाही.

मग त्याने माझ्या हातातून गूळ घेतला आणि तोंडात टाकला. "उतरलं तुमचं गाऱ्हाणं," तो म्हणाला, आणि समोरचं घड्याळ उघडून कामाला लागला.